भुयारातल्या टेसनांचे काठ

गुणाबाईनं लंडन बघितलंय, हे अहमदपुरात कोनालाच खरं वाटत नव्हतं. बाजारात कोथमीर विकनारी केवळाबाई तर तोंडावर म्हनायची, "हिनं धड हैदराबाद तरी बघितलंय का, इचारा!" बोट, समिंदर, गोरी मानसं, इथवर लोक ऐकून घ्यायचे. पन गुणाबाई एकदा का जमिनीच्या पोटातल्या रेलगाडीवर आली, की एकेक जन धोतर झटकत उठायचा. "बरं गुणाबाई, म्हशी यायची येळ झाली." तवा ती लई चिडायची. "बसा की मुडद्यांनो! रेल खालून जाती अन् वर मानसं बाजार करत्यात. वरच्याला खालचं कळत न्हाई. म्या बसलेय तीत. लेकरू घिऊन बसलेय!"

खरंच बसली व्हती. तेच सांगते, तू लिही. शुद्धबिद्ध करू नको बाळा, मी बोलते तसंच घे.

गुणाबाई अहमदपूरच्या पलीकडल्या खेड्यातली. घरचं रान, घरचे बैल, खाऊनपिऊन सुखी. तेराव्या वर्सी हदगावाकडं दिली. नवरा लई हसरा व्हता म्हनं, वखर हाकताना बी हसायचा. अन् मंग मानमोडीची साथ आली. आठ दिसांत नवरा गेला, अन् त्याच्या मागं दीड वर्साचं पोरगं गेलं. ताप आला, मान टाकली, गेलं. गुणाबाई तवा सोळा-सतराची. सासरचे म्हनले पांढऱ्या पायाची हाय. माहेरी आली तर भावजय भाकरी ताटात ठेवायच्या आधी दोनदा मोजायची. कुनीतरी सांगितलं, नांदेडला गोदावरीबाईच्या घरी बाई पायजे. निघाली. अंगावरचं लुगडं अन् एक गाठोडं.

गोदावरीबाईचे मालक नांदेडच्या अदालतीत कामाला. बामनाचं घर, पन मानसं मोकळ्या मनाची. तितं तिनं धुनी धुतली, भांडी घासली, दुखनी काढली. त्यांचा पोरगा अनंतराव तिच्या डोळ्यांपुढं शाळेत गेला, हैदराबादला जाऊन डाक्टर झाला, त्याचं लगीन झालं. सून आली सौदामिनी. कवळी पोर, चार बुकं इंग्रजी शिकलेली, अन् हळू बोलनारी, शेजारच्या खोलीत आवाज जायचा न्हाई तिचा. तिला पोरगं झालं, उद्धव. अन् त्या पोरानं गुणाबाईच्या कडेवर जे मुक्काम ठोकला ते ठोकलाच.

लढाईच्या दोनेक साल आधीची गोष्ट. अनंतरावाला सरकारातून वजीफा मिळाला, डाक्टरीचं वरचं शिकायला लंडनला जायचं. बायकोलेकराला संगं न्यायचं ठरलं. गोदावरीबाई तीन दीस जेवल्या न्हाईत. चौथ्या दिसी त्यांनी गुणाबाईला देवघरापुढं बोलवलं, पदर पसरायला लावला, अन् दीड वर्साचा उद्धव तिच्या ओटीत ठेवला.

"सून माझी लहान हाय. लेकाला दवाखान्यातून मान वर करायची फुरसत राहायची न्हाई. हे लेकरू मी तुझ्या ओटीत घातलं. तूच परत आन."

दीड वर्साचं लेकरू. गुणाबाईच्या ओटीत नेमकं तेवढंच. तिनं पदराला गाठ मारली अन् मान हलवली.

नांदेडहून मनमाड, मनमाडहून मुंबई, मुंबईहून बोट. बोटीचं सांगायला लागले तर रात व्हईल. लंडनात त्यांचं बिऱ्हाड म्हंजे चौथ्या माळ्यावर दोन खोल्या. खिडकीतून बघावं तर धूर अन् छपरं. कार्तिक लागला अन् थंडी आशी पडली की गुणाबाई म्हनायची, आमच्याकडं मढं सुद्धा एवढं गार नसतंय. सौदामिनीनं तिच्यासाठी बूट आनले. आयुष्यात पयल्यांदा पायात बूट. गुणाबाई चालायची तवा चिखलातून म्हस निघाल्यावानी.

एक दिवस उद्धवाला खोकला सुरू झाला. अंगावर लोकरीचा कोट पायजे व्हता. सौदामिनी नवऱ्याला म्हनली, तर तो म्हनला रविवारी जाऊ.

"थंडी रविवारपर्यंत थांबती का?" ती म्हनली.

"मग तुम्ही दोघी जाऊन या. जमिनीखालच्या गाडीनं जा, तिसऱ्या टेसनावर उतरा, वर आलं की समोरच दुकान. अगदी सोपं आहे."

आता बघ, शिकलेल्या मानसाला सगळं सोपंच आसतंय.

दुपारी दोघी निघाल्या. सौदामिनी म्होरं, गुणाबाई लेकरू कडेवर घिऊन मागं. टेसन म्हंजे लाल दगडाचं घर, आत रेल न्हाई, रूळ न्हाई, काईच न्हाई. सौदामिनीनं तिकिटं काढली.

"वैनीसाब, गाडी कुठाय?"

"खाली."

"खाली म्हंजे?"

"जमिनीच्या खाली, गुणाबाई. भुयार आहे."

भुयार म्हनल्यावर गुणाबाईच्या डोळ्यांपुढं एकच भुयार आलं, औंढ्या नागनाथाचं. तिनं दोनदा बघितलेलं. देवळात जमिनीला बोगदं हाय, त्यातून वाकून, बसून, सरपटत खाली उतरायचं, खाली पिंड, समई, गारवा. तिच्या हिशेबानं जमिनीखाली एक तर देव, न्हाई तर मढं. मढ्याचं काम न्हाई तर मंग देव आसंल. अन् देवाकडं जाताना मानूस काय करतंय? सौदामिनी म्होरं बघत व्हती, तेवढ्यात गुणाबाईनं पायातले बूट काढले, भितीकडंला जोडीनं नीट लावून ठेवले, अन् अनवानी आत शिरली. नऊवारी लुगडं, पाय झाकलेले. कोनाला कळलं न्हाई.

आत एक खोली व्हती. पन्नास मानूस मावंल येवढी, जाळीचं दार. सगळी मानसं त्यात जाऊन गुमान उभी राह्यली. गुणाबाईला वाटलं, दर्शनाची बारी हाय. एका मानसानं जाळी ओढली, अन् ती खोली निघाली की खाली! पन्नास मानसांसकट! गुणाबाईनं उद्धवाचं डोकं छातीशी गच्च दाबलं अन् "नागनाथा, नागनाथा" म्हनत डोळे मिटले. उघडले तर काय, शेजारचा गोरा म्हातारा पेपर वाचायलाय. एक बाई केस नीट करायली. खोली पाताळात निघालीय अन् कोनाच्या तोंडावर भ्याव न्हाई! खोलीपरीस तिला त्या मानसांचं लई भ्याव वाटलं.

खाली उतरल्या तर दिव्यांचा लखलखाट. वरच्या सडकेवर नव्हता येवढा उजेड खाली. गोल छत, दोन्ही बाजूला चकचकीत फरश्यांची भित, अन् मधे खोल नाली, तीत रूळ. देव कुठंच न्हाई. समई न्हाई, गुरव न्हाई. गुणाबाईचे पाय बर्फावर ठेवल्यावानी झाले. पन बुटाचं कसं सांगावं?

मंग काळ्या भगदाडातून वारा आला. नुसता वारा. गाडीचा आवाज न्हाई, उजेड न्हाई, आधी वारा. पदर उडाला, उद्धवाचं टोपरं हललं. गुणाबाई म्हनली, "वैनीसाब, पाताळातून वारा कोन सोडायलंय?" सौदामिनी हसली. तिचं हसनं संपायच्या आत त्या भगदाडातून दोन डोळे पेटल्यावानी गाडी बाहेर आली, थांबली, अन् दारं आपोआप सरकली. कोनी हात लावला न्हाई, काई न्हाई.

एक, दोन, तीन टेसनं. उतरल्या. आता इथं वर जायचं तर खोली न्हाई, चालत्या पायऱ्या! लाकडाच्या, जमिनीतून निघायच्या, मानसं घिऊन वर जायच्या, अन् वरच्या टोकाला जमिनीत गडप व्हायच्या. जात्यात दाने जावेत तशा. गुणाबाई तितंच रुतली.

"चल ना गं," सौदामिनी म्हनली. "नुसतं उभं राहायचं."

"न्हाई येनार म्या. ते बोटं खातंय."

"बोटं कशी खाईल? पायात बूट आहेत ना?"

गुणाबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"गुणाबाई, बूट कुठायत?"

"दाराशी ठेवले की."

"कुठल्या दाराशी?"

"आपन आलो त्या. भुयारात बूट घालून कोन जातंय? परत निघताना घेऊ म्हनलं."

सौदामिनीनं कपाळावर हात मारला. "अगं, आपण आता दुसऱ्या दारानं बाहेर पडणार! ते दार मागं राहिलं, तीन टेसनं मागं!"

आता धक्का बसायची पाळी गुणाबाईची. औंढ्याच्या भुयारात ज्या बोगद्यातून आत जायचं त्यातूनच बाहेर. एका दारानं आत जाऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर निघायचं, हे कसलं भुयार? पायऱ्याजवळच्या डगलेवाल्या शिपायानं तिचे उघडे पाय बघितले, कडेवरचं लेकरू बघितलं, अन् आडवा हात केला. नो, नो. जमनार न्हाई.

"चल मागं," सौदामिनी म्हनली. रागानं तिच्या गालावर लाल चट्टे आलेले. "आधी बूट. कोट राहू दे."

परतीची गाडी पलीकडच्या बोळात लागती. बोळातून वळून त्या तिकडं गेल्या. गर्दी वाढली व्हती. वारा आला, गाडी आली, दारं सरकली, अन् मागच्या रेट्यानं गुणाबाई लेकरासकट आत. त्याच घडीला उद्धवाचं टोपरं खाली पडलं. सौदामिनी वाकली, टोपरं उचललं, मान वर केली, तर दार लागलेलं.

आपोआप लागलं. कोनी लावलं न्हाई, तर कोनाला म्हनावं उघड?

सौदामिनी काचेवर हात आपटायली. तिचं तोंड हलायलं व्हतं, पन आवाज आत येत नव्हता. तिच्या डोक्यामागं फरशीची पिवळी भित, लिंबासारखी पिवळी, तिच्या मधून तपकिरी पट्टा. येवढं गुणाबाईनं बघितलं. अन् मंग भित पळाली, वैनी पळाली, काळोख आला.

उद्धव "आई" म्हनला.

गुणाबाई बाकड्यावर बसली. बाळा, मानसाला लई मोठा हिसका बसला म्हंजे नवं काई सुचत न्हाई, लहानपनचंच आठवतंय. तिला माळेगावची जत्रा आठवली. घोडे, उंट, लाखाची गर्दी, अन् बाप सांगायचा, "गुणे, हात सुटला तर जागा सोडायची न्हाई. जितं हात सुटला तितंच बसून राहायचं. हुडकनारं हुडकत येतंय. तूबी फिरलीस अन् तेबी फिरलं, तर जल्मात गाठ पडत न्हाई."

तिनं ठरवलं, जागा सोडायची न्हाई. वैनी येत्याल. एका हातात लेकरू, एका हातात लोखंडी दांडी, अन् बसली.

टेसन आलं, दारं उघडली, लागली. दुसरं आलं. तिसरं आलं, ज्याच्या वर तिचे बूट व्हते तेच, ते बी गेलं. हिनं जागा सोडली न्हाई. जत्रेतली जागा एका ठिकानी आसती, अन् ही जागा कोसानं कोस पळायली, हे तिच्या डोक्यात कसं येनार? त्यात ओटीत घातलेलं लेकरू, मंग तर मानूस अजूनच घट्ट बसतंय.

समोर एक म्हातारी मडम बसलेली. ती कवाची गुणाबाईच्या पायाकडं बघायली. निळे पडलेले उघडे पाय. तिला राहवंना. तिनं हातातला पेपर उलगडला, वाकून गुणाबाईच्या पायाखाली अंथरला. गुणाबाई दचकून उभीच राह्यली! छापलेला कागद, अक्षरं, सरस्वती, अन् त्याच्यावर पाय? तिनं पेपर उचलला, कपाळाला लावला, घडी घातली अन् पदरात ठेवला. मडमेचं तोंड उघडं ते उघडंच. पुढच्या टेसनावर ती उतरून गेली, अन् उतरताना दोनदा मागं बघितलं.

मंग आनखी नवल झालं. काळोख एकदम फाटला अन् गाडी जमिनीतून वर आली! उजेड, आभाळ, घरं, झाडं, लांबवर हिरवं रान सुद्धा. गुणाबाईला वाटलं, लंडन संपलं. आता ही आपल्याला कुठल्या मुलखाला नेतीय? उद्धवानं लुगडं ओलं केलं, रडला, खोकला, परत रडला. तिच्याजवळ द्यायला काई नव्हतं. तिनं त्याला पदराखाली घेतलं, रिकाम्या छातीशी धरलं, अन् ते कुशीत गप झालं. वीस वर्सांमागं एक लेकरू आसंच गप झालं व्हतं. तिनं घाबरून त्याच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास लागत व्हता. परत घडीभरानं धरलं. सगळ्या वाटंला ती तेच करत व्हती.

शेवटच्या टेसनावर सगळी मानसं उतरली. गाडीवरचा मानूस आला, काईबाई बोलला, हातानं उतर म्हनला. हिनं दांडी सोडली न्हाई. तो परत म्हनला, हिनं नुसती मान हलवली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं अन् निघून गेला. अन् गाडी निघाली मागं. आलेल्या वाटंनंच.

गाडी परत जमिनीत शिरली, तवा गुणाबाईच्या डोक्यात पयल्यांदा उजेड पडला. काचेबाहेर टेसनं येऊ लागली. तिला नाव वाचता येत न्हाई, पाटीवरची अक्षरं तिला सगळी मुंग्यांवानी सारखीच. पन भित? एका टेसनाच्या भितीला वांगी रंगाचा पट्टा. दुसऱ्याला विटकरी, मधे चौकडा. तिसऱ्याला हिरवा, कडंला काळी रेघ. गुणाबाई पुढं सरकून बघाय लागली. हे तर काठ! नांदेडला गोदावरीबाईच्या घरी वाळत घातलेली पंधरा लुगडी ती डोळे झाकून घडी करायची. कोनतं लेकीचं, कोनतं जावेचं, कोनतं सोवळ्याचं, नुसत्या काठावरनं. ह्या मानसांनी टेसनाला काठ लावलेत! प्रत्येक टेसनाला येगळा! अन् येवढ्या वेळ तिनं भितींकडं धड बघितलंच नव्हतं.

वैनीच्या डोक्यामागं कोनता काठ व्हता? लिंबू रंग, तपकिरी पट्टा.

आता तिची छाती आशी उडायली की उद्धव जागा झाला. जांभळा आला, पांढऱ्या रेघेचा. न्हाई. तिनं दांडी सोडली अन् दाराशी जाऊन उभी राह्यली. जागा सोडली बघ! बापानं सांगितलेलं मोडलं. निळसर आला. न्हाई. आनखी एक. न्हाई. अन् मंग पिवळा. लिंबू पिवळा, मधून तपकिरी. दार उघडलं अन् तिनं उडीच मारली.

वैनी न्हाई.

तोच काठ, तेच छत, तसंच बाकडं, अन् वैनी न्हाई. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. अनवानी, लेकरू कडेवर, ओलं लुगडं. परकी मानसं, काळे डगले. आता काय? तिला काय ठाव की येतानाची गाडी एका बोळात थांबती अन् जातानाची दुसऱ्या, मधे हातभर जाडीची भित. दोन्ही बोळांना काठ एकच. कोनी एकच लुगडं मधून फाडून दोघीला नेसवल्यावानी. वैनी भितीपलीकडं व्हती, अन् हिला वाटलं वैनी गेल्या. लेकरू हाय, पन त्याची आई न्हाई, घर कुठल्या दिशेला ठाव न्हाई, अन् गोदावरीबाईनं ओटीत घातलेलं.

आता रानात मानूस हुकलं तर बाई काय करती? दोन शिवारांपलीकडं मानूस दिसंना तर? हाळी देती. गुणाबाईनं उद्धवाचे कान हातानं झाकले, पोटातून वारा घेतला अन् हाळी दिली.

"वैनीऽऽऽ साबऽऽऽ! ओ वैनीऽऽऽ!"

लंडनातल्या मानसांना मोठ्यानं शिंकायची बी लाज. तितं ही हदगावच्या शिवारातली हाळी! गोल छताखाली आवाज चढत गेला, भगदाडात शिरला, तिकडून परत आला. आख्खं टेसन जागच्या जागी थिजलं. एकाच्या हातातली छत्री पडली. डगलेवाला शिपाई पळत आला, तर गुणाबाईनं त्याच्या तोंडासमोर दुसरी दिली, पयलीहून लांब.

अन् भितीपलीकडून जवाब आला.

"ओऽऽऽ! मी इथंय! गुणाबाईऽऽ! मी इथंयऽऽ!"

सौदामिनी! जिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा न्हाई, ती पोर पाताळात उभी राहून ओरडायली व्हती. ओरडत, पदर कुठं, टोपरं हातात, बोळातून पळत आली. तिनं उद्धवाला हिसकून घेतला. हात बघितले, पाय बघितले, कान बघितले, जसं कुनी त्यातलं एखादं काढून घेतलंय. मंग दोघी तितंच फरशीवर बसल्या. गुणाबाई रडली न्हाई. रडली सौदामिनी.

"पुढच्या टेसनावर उतरली का नाहीस गं तू? दोन तास! दोन तास गेले!"

"हात सुटला तर जागा सोडू नये म्हनत्यात ना, वैनीसाब."

"अगं, पण जागाच चालली होती!"

गुणाबाईनं वर बघितलं. हे तिच्या पार डोक्यावरून गेलेलं, ते आता डोक्यात उतरलं. ती बावचळून म्हनली, "मंग तुमी कामून हितं थांबलाव?"

सौदामिनी नाक पुसत म्हनली, "ते लोक वर चला म्हणत होते. फोन करू म्हणत होते. मी गेले नाही. मलाही आईनं तेच सांगितलं होतं. माळेगावलाच."

बूट काई सापडले न्हाईत. कोनी उचलले, का टेसनवाल्यांनी फेकले, नागनाथाला ठाव. सौदामिनीनं अंगावरची शाल काढली, मधून फाडली, अन् भर टेसनावर गुणाबाईच्या पायाला बांधली. गुणाबाई पाय मागं घ्यायली, "वैनीसाब, पाप लागंल मला." सौदामिनी म्हनली, "लागू दे. पाय इकडं कर."

दुसऱ्या दिसापासून दोघींनी नवंच खूळ काढलं. अनंतराव दवाखान्यात गेले की ह्या दोघी खाली. नवे बूट घालून, उद्धवाच्या अंगावर नवा कोट. एक टेसन आलं की सौदामिनी नाव वाचायची, गुणाबाई काठ सांगायची. घरी आल्यावर गुणाबाईनं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. उद्धवासाठी वाकळ शिवायला नांदेडहून आनलेलं. हिरव्या टेसनाला हिरवी चिंधी, कडंला काळा दोरा. विटकरीला विटकरी. एकाखाली एक, मनगटाएवढ्या रुंद पट्टीवर, वाटंनं येतात तशी. प्रत्येक चिंधीखाली सौदामिनीनं शाईनं नाव घातलं. बोळ बदलायचं तितं दोन टाके आडवे. चालत्या पायऱ्या आसतील तितं उभे. अन् जितं गाडी उजेडात येती तितं पांढरा कापूस. पुढं ती पट्टी लई बायांच्या हातातून फिरली. हैदराबादची एक बेगम आठ दीस घिऊन गेली व्हती, तिनं दोन टेसनं चुकीची हायत म्हनून उसवून नीट लावून दिली. पन ते नंतरचं.

एक अडचन आली. गाठोड्यात लिंबू रंगाची चिंधी नव्हती. पिवळी व्हती, पन हळदीची पिवळी. गुणाबाई म्हनली, "हळदीच्यानं मानूस चुकंल, वैनीसाब." सौदामिनी उठली, पेटी उघडली, माहेरचं नारायणपेठी लुगडं काढलं, लिंबू रंगाचं, तपकिरी काठाचं, दोनदाच नेसलेलं. कातर घेतली अन् काठाला लावली.

तेवढ्यात अनंतराव दवाखान्यातून आले. दारातच थांबले. बायकोच्या हातात कातर, मांडीवर कापलेलं लुगडं, गुणाबाईच्या तोंडात सुई.

"अगं! हे काय करून बसलीस? साठ रुपयांचं लुगडं!"

"टेसन करून राहिलो, मालक," गुणाबाई सुई काढून म्हनली.

त्यांनी पट्टी उचलली, उलटी केली, सुलटी केली. सौदामिनीनं समजावून सांगितलं. त्यांना हसावं का ओरडावं कळंना. "अहो बायांनो, तिकिटाच्या खिडकीत नकाशा मिळतो! छापील! रंगीत! आणि फुकट!"

सौदामिनीनं दोरा दातानं तोडला. आता ती हळू बोलत नव्हती, चार माळे खालच्या मडमेला बी ऐकू गेलं आसंल.

"तो तुम्ही वाचा. लेकरू तुमच्या कडेवर नसतं."